गोडाधोडाची पत्रं : श्रीखंड, रातांबे आणि पन्ह्यावरून भांडण

होळी झाली की या सदराचा रंग पालटतो. थंडीत डिंकाचे लाडू आणि गुळाच्या पोळ्या विचारणारी मंडळी पन्हं, कोकम, आइस्क्रीम यांवर येतात. या खेपेचा गठ्ठा वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. साखर किंवा गूळ किती घालायचा हे बहुतेकांना बरोबर माहीत आहे. कधी घालायचा, तिथे घोटाळा होतोय. त्यामुळे माझी बरीच उत्तरं फिरून फिरून तिथेच येणार आहेत, कंटाळू नका. आणि एक विनंती : 'दोन वाट्या' लिहिताना वाटी केवढी तेही लिहा. माझ्या माहेरी, गुहागरकडे, वाटी म्हणजे आमटीची वाटी. सासरी सोलापूरला तीच वाटी दीडपट. खाली जिथे वाटी आहे तिथे साधारण दीडशे मिलिलिटरची धरा.

काकू, पाडव्याला दोन लिटर म्हशीच्या दुधाचं श्रीखंड केलं. चक्का घट्ट झाला होता. साखर घालून मिक्सरमधून फिरवलं आणि सगळं पळीवाढं झालं. फ्रीजमध्ये ठेवूनही आळलं नाही. काय चुकलं? — एक सूनबाई, सांगली

सूनबाई, आधी झालेल्या नुकसानीचं बघू. पुढच्या वेळी असं झालं तर त्यात थोडं गोड ताक आणि जायफळाची पूड घालून सरळ पियुष म्हणून द्या. दादर-गिरगावात लोक पैसे मोजून पितात.

आता चूक. मिक्सर हा पहिला आरोपी. चक्क्याची जी घट्ट वीण असते ती पात्याने तुटते आणि आत धरून ठेवलेलं पाणी सुटतं. श्रीखंडाला पुरणयंत्र लागतं, बारीक जाळीचं. ते नसेल तर पीठ चाळायची स्टीलची चाळणी उलटी धरा आणि हाताने घासून काढा. हात दुखतो, पण गत्यंतर नाही.

दुसरा आरोपी साखर. साखर चक्क्यात पडली की ती चक्क्यातलं पाणी ओढून स्वतः विरघळते, म्हणून सुरुवातीला सगळ्यांचंच श्रीखंड सैल दिसतं. घाबरून लोक लगेच घोटत सुटतात. तसं करू नका. साखर नुसती हलक्या हाताने मिसळा, झाकण ठेवून तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा. साखर पूर्ण विरघळू द्या आणि मग पुरणयंत्रातून काढा. एकदाच. नंतर पुन्हा चार-पाच तास गार झालं की दुधातली स्निग्धता घट्ट होते आणि श्रीखंड चमच्याला धरतं. विकतची पिठीसाखर वापरत असाल तर पाकिटावर वाचा. काहींत मक्याचं पीठ असतं आणि मग जिभेवर पिठूळ लागतं. घरी साखर दळून घेतलेली बरी.

प्रमाण सांगते. लिटरभर चांगल्या दुधाच्या दह्याचा साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास चक्का निघतो. तुमचा दोन लिटरचा एक किलोच्या वर निघाला असेल तर तो घट्ट 'वाटला', पण पुरता निथळलेला नव्हता. वजन करून बघत जा. चक्क्याच्या वजनाच्या पाऊणपट साखर मला पुरते. सासरची माणसं बरोबरीने घालतात आणि वर पुरी साखरेत बुडवतात, तो भाग वेगळा.

दही टांगायचं ते रात्रभर, पण मार्च-एप्रिलमध्ये स्वयंपाकघराच्या खुंटीला नको. उष्म्यात विरजण काम करतच राहतं, सकाळपर्यंत चक्का आंबट होतो आणि मग तो आंबटपणा मारायला आणखी साखर पडते. मलमलच्या फडक्यात गच्च बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, वर वरवंटा किंवा पाण्याचा तांब्या, आणि सगळा सरंजाम फ्रीजमध्ये. खाली निथळलेलं पाणी फेकू नका. कणीक भिजवायला किंवा कढीला घ्या.

केशर चमचाभर कोमट दुधात खलून घाला. अर्धी वाटी दुधात भिजवलंत तर पुन्हा तेच पाणी आत गेलं. आम्रखंड करायचं असेल तर रस आधी आटवून गार केलेला हवा. जायफळ की वेलची, याचा निकाल माझ्याकडून मागू नका, मी जायफळवाली आहे.

गेल्या मे महिन्यात गावाहून रातांबे आणून कोकम सरबत घातलं. आठ दिवसांत बरणीवर फेस आला आणि वास बदलला. इमारतीत ऊन फारसं येत नाही. यंदा पुन्हा करायचं आहे. आणि आगळ व अमृत कोकम यांत फरक काय, तेही सांगा. — निवृत्त शिक्षक, ठाणे

गुरुजी, फेस म्हणजे आंबायला सुरुवात. साखर कमी पडली किंवा पाण्याचा अंश आत गेला, यांपैकी एक. बहुधा दोन्ही.

आधी फरक. रातांब्याच्या रसात मीठ घालून टिकवलं की आगळ. त्यात साखर नसते, ते सोलकढीला आणि आमटीला. रातांब्याच्या साली साखरेत मुरवून जो पाक सुटतो ते अमृत कोकम, ते सरबताला. आणि सालींना रसाचे हात देत उन्हात वाळवलं की आमसुलं. एकाच फळाच्या तीन वाटा. बियांचं तेल गोठवून गोळे करतात ती चौथी, हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना तेच लावत होतो आम्ही.

अमृत कोकमाची रीत अशी. लालभडक, पूर्ण पिकलेले रातांबे घ्या. धुऊन पुसून फडक्यावर पसरा. अगदी कोरडे झाले पाहिजेत, देठाशी पाणी राहतं तिकडे लक्ष द्या. अर्धे चिरून आतला बियांचा गर काढून वेगळा ठेवा. आमसुलं करायची असतील तर तो लागेल. सालींच्या वाट्यांत साखर भरा आणि काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत थर लावा. एक किलो सालीला दोन किलो साखर. हे वाचून माझ्या वर्गातल्या मुली दरवर्षी किंचाळतात आणि 'दीड चालेल ना' विचारतात. फ्रीजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवणार असाल तर चालेल. फळीवर वर्षभर ठेवायचं असेल तर नाही. पाकात पासष्ट टक्क्यांच्या वर साखर असली की बुरशीला आणि आंबवणाऱ्या जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही. इथे साखर गोडीला कमी आणि राखणीला जास्त आहे. आणि ती पहिल्या दिवशीच सगळी पडायला हवी. 'आधी एक किलो घालू, मग चव बघून वाढवू' असं केलं की मधले चार दिवस बरणी उघडी पडते, फेस तिथेच जन्माला येतो.

ऊन आठवडाभर पुरतं. तोंडाला फडकं बांधायचं, रोज लाकडी चमच्याने हलवायचं. चमचा कोरडा. तुमच्याकडे ऊन येत नाही तर हरकत नाही, उन्हाने साखर लवकर विरघळते एवढंच. सावलीत दोन-तीन दिवस जास्त लागतील, हलवणं मात्र चुकवू नका. पाक गाळून घ्या, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ घाला, बाटल्या कोरड्या करून भरा. पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं या कामात जवळ फिरकू देऊ नका, आंबटाने ते खातं. उरलेल्या साली फेकायच्या नाहीत. त्या वाळवून मुलांना चघळायला द्या.

टिकवायची पावडर घालावी का असं बरेच जण विचारतात. घातलीच तर सोडियम बेंझोएट, तेही पाकिटावर दिलेल्या मापाने. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लिंबू-संत्र्याच्या सरबतांना ठीक, कोकमाचा रंग त्याने उडतो. आणि रंग उडाला म्हणून वर लाल रंग घालणं... दुकानातलं सरबत ग्लासात ओतल्यावर मिठाईच्या डब्यासारखं चमकत असेल तर मी ते पीत नाही.

वाळलेल्या आमसुलांचंही सरबत होतं. गरम पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून साखर घालायची. रंग काळसर येतो, चव छान असते, फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. आमसूल खारवलेलं आहे का ते आधी चाखा, नाहीतर मीठ दुप्पट होईल.

हॉस्टेलवर गॅस नाही, फक्त किटली आणि मेसमधलं दही-दूध. गोड खायची हुक्की रात्री अकराला येते. काहीतरी सांगा. — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

शिकरण. पिकलेली दोन केळी, पेलाभर गार दूध, दोन चमचे साखर, सुरीने चकत्या. साखर केळ्यावर आधी पेर आणि पाच मिनिटं थांब. केळ्याला रस सुटतो, मग दूध ओत. एकदम सगळं ओतलंस तर दूध वेगळं नि केळं वेगळं लागतं. आयुर्वेदवाले रागावतील, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पोळीशी खातात.

दुसरं म्हणजे घरी फोन कर आणि सातूचं पीठ मागव. गहू आणि डाळवं भाजून दळलेलं असतं, किंचित जिरं. डब्यात महिनाभर राहतं. गूळ किसून पाण्यात किंवा दुधात विरघळव आणि मग पीठ कालव. उलट केलंस तर गुठळ्या. पातळ केलं की पेय, घट्ट केलं की जेवण. परीक्षेच्या दिवसांत मेसच्या वड्यापेक्षा भलं.

मोसंबीचा रस सकाळी काढून ठेवला तर दुपारी कडू लागतो. लिंबू सरबताचंही कधीकधी तसंच होतं. फळ खराब निघतं का? — गृहिणी, अकोला

फळ चांगलं असतं ताई. मोसंबीच्या पांढऱ्या सालपटात आणि बियांत एक पदार्थ असतो, जो आधी बेचव असतो. रसाच्या आंबटपणात तो हळूहळू बदलून लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. म्हणून ताजा रस गोड आणि चार तासांनी तोच कडू. साखर वाढवून हे झाकत नाही. मोसंबी काढली की प्यायची, हाच उपाय. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवत असाल तर ते मात्र आजच बंद करा.

लिंबाचं जरा वेगळं. स्टीलच्या दाबणीत लोक शेवटचा थेंब निघेपर्यंत दाबतात, त्यात सालीचं तेल आणि पांढऱ्याचा कडवटपणा उतरतो. अर्धं लिंबू एकदा दाबा, सोडा, बस्स. बिया लगेच गाळा. आठवड्याचं करून ठेवायचं असेल तर एक वाटी रसाला दोन ते अडीच वाट्या साखर काचेच्या बरणीत घालून, विस्तवाकडे न नेता, दिवसातून दोनदा हलवत विरघळवा आणि फ्रीजमध्ये ठेवा. गरम पाकात रस ओतायची घाई झाली की लिंबाचा ताजा वास वाफेबरोबर जातो आणि राहतं ते नुसतं आंबट-गोड पाणी. मीठ मात्र ग्लासात, पिताना.

मागच्या अंकात तुम्ही पन्ह्यात 'गूळ नसेल तर साखर चालेल' असं लिहिलंत. पन्हं गुळाचंच! शिवाय आमच्याकडे सासूबाई कैरी उकडतात आणि माझी आई किसते. खरं पन्हं कोणतं? — वाचक, नाशिक

गुळाचं मला मान्य आहे, माझ्याही घरी गुळाचंच होतं. पण ज्यांना गुळाचा वास नको वाटतो त्यांनी पन्हं पिऊच नये असं मी म्हणणार नाही. साखरेचं पन्हं पिवळं, स्वच्छ दिसतं आणि केशर त्यात उठून येतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पुण्याकडे बऱ्याच घरी तसंच मिळतं.

उकडलेली की किसलेली, यावर सासू आणि आई दोघींची बाजू घेता येते आणि तुम्ही घ्याच. किसलेल्या कच्च्या कैरीचं पन्हं धारदार, हिरव्या वासाचं. ते त्याच दिवशी प्यायचं. उकडलेल्या गराचं पन्हं मवाळ, दाट, आणि गर गुळात शिजवून ठेवला तर फ्रीजमध्ये महिनाभर टिकतो. वैशाखात बाहेर बेचाळीस डिग्री असताना ग्लासभर गार पाण्यात दोन चमचे गर टाकून प्यायची सोय त्यातच आहे. तिसरी रीत कैरी निखाऱ्यावर भाजण्याची. गॅसवर भाजली तरी तो धुराचा वास काहीसा येतो. त्यात जिरेपूड आणि काळं मीठ जास्त शोभतं, वेलची नाही.

उकडताना कैऱ्या पाण्यात बुडवू नका. कुकरमध्ये भांड्यात ठेवून वाफेवर दोन शिट्ट्या. पाण्यात उकडल्या की साल फुटून अर्धा आंबटपणा पाण्यात जातो. गर गरम असतानाच किसलेला गूळ घाला, त्याच्याच उष्णतेने विरघळतो. वेलची आणि केशर पूर्ण गार झाल्यावर. गरम गरात घातलेली वेलची स्वयंपाकघराला वास देते, पन्ह्याला देत नाही.

शेवयांच्या खिरीत गूळ घातला की दूध फाटतं. कधी फाटतं, कधी नाही. — गृहिणी, जळगाव

गुळात थोडी आम्लता आणि क्षार असतात. गुळागुळाप्रमाणे कमीजास्त, म्हणून कधी फाटतं कधी नाही. उकळत्या दुधात तो पडला की दुधाचा चोथा-पाणी वेगळं होतं. खीर पूर्ण शिजवा, गॅस बंद करा, बोट बुडवून सोसवेल इतकी निवू द्या. गूळ वेगळ्या भांड्यात दोन चमचे पाण्यात विरघळवून गाळा (खडे-काडी निघतील), तोही निवू द्या, आणि मग मिसळा. त्यानंतर खीर पुन्हा उकळायची नाही. गरम खायची असेल तर भांडं गरम पाण्यात ठेवा.

सोलापूरकडे खपली गव्हाची हुग्गी करतात त्यात ही भानगडच नाही. गहू कुटून मऊ शिजवतात, गूळ त्यात मुरतो, आणि दूध-तूप पानात वाढताना पडतं. फक्त गहू पुरता मऊ होईपर्यंत गुळाला हात लावायचा नाही. गूळ पडला की दाण्याचं शिजणं थांबतं, मग तासभर ढवळलंत तरी गहू दाताखाली कचकचतो. साखरभातालाही हेच लागू आहे, त्याबद्दल आलेल्या चार पत्रांना वेगळं उत्तर देत नाही. भात नेहमीपेक्षा अंमळ मऊ शिजवा, मोकळा करून निववा, मग साखर. साखर त्याला आपोआप फडफडीत करते.

आम्ही म्युनिकजवळ राहतो. मुलांना श्रीखंड आणि आमरस खूप आवडतो. दही टांगायला वेळ नसतो. इथे काय वापरू? — आयटीतली आई, जर्मनी

तुमच्या दुकानात क्वार्क (चक्क्यासारखं मऊ, ताजं चीज) मिळतो, तुम्हाला चक्का टांगायची गरजच काय? फॅट नसलेला घेऊ नका, तो कोरडा आणि खरखरीत लागतो. चाळीस टक्केवाला घ्या. पाचशे ग्रॅमचा डबा फडक्यात दोन तास निथळवा, तीनशे ग्रॅम साखर, बाकी रीत वर सांगलीच्या सूनबाईंना सांगितली तीच. चव आपल्या चक्क्याच्या फार जवळ जाते. अमेरिकेतल्या वाचक याच कामाला ग्रीक योगर्ट वापरतात.

आमरसासाठी डब्यातला हापूस किंवा केसर रस ठीक आहे. पण डब्यावर वाचा, बहुतेकांत साखर आधीच असते. चाखल्याशिवाय चमचाभरही घालू नका. त्यात चिमूटभर मीठ, थोडी सुंठ आणि वर साजूक तूप घातलं की डब्याचा वास मागे पडतो. दूध घालायचं तर अगदी थोडं, वाढायच्या वेळी.

मुलांच्या सुट्टीत घरी आंबा आइस्क्रीम करते. फ्रीजरमधून काढलं की वीट. दातांत बर्फ येतो. मशीन घ्यावं का? — दोन मुलांची आई, कोल्हापूर

मशीन नको. आइस्क्रीममध्ये बर्फ असतोच, तो किती बारीक एवढाच प्रश्न आहे. दुधात सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते फ्रीजरमध्ये निवांत गोठलं की मोठे स्फटिक होतात आणि जिभेला टोचतात. म्हणजे पाणी कमी करायचं आणि गोठताना त्याला निवांत बसू द्यायचं नाही.

लिटरभर म्हशीचं दूध आटवून निम्मं करा. गरम असतानाच त्यात पाऊण वाटी साखर आणि चार चमचे दूध पावडर विरघळवा. साखर इथे शेवटी घालून चालत नाही, कच्चा कण राहिला तर तो तसाच गोठतो. साखर कमी केली तर वीट होते, कारण साखरेमुळेच मिश्रण दगडासारखं गोठत नाही; 'मुलांना कमी गोड' करायच्या नादात तुमचं तेच होत असावं. पूर्ण गार झाल्यावर दोन हापूस आंब्यांचा आटवलेला, गार केलेला रस आणि वाटीभर फेटलेली साय. पायरीचा रस पातळ असतो, तो खायला ठेवा. पसरट स्टीलच्या डब्यात ओता, वर प्लॅस्टिकचा कागद मिश्रणाला चिकटवून लावा. दीड-दोन तासांनी कडा गोठल्या की बाहेर काढून जोरात घोटा, परत ठेवा. असं तीनदा. मग रात्रभर हात लावू नका.

आणि जर गल्लीत कुणाकडे जुना लाकडी पॉट असेल तर उधार आणा. बाहेर लाकडाची बादली, आत धातूचं पिंप, मध्ये फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, चारास एक. मिठामुळे बर्फ वितळतो आणि वितळताना आसपासची उष्णता खेचून घेतो, त्यामुळे बादलीतलं खारट पाणी शून्याच्या दहा-बारा अंश खाली उतरतं. साध्या बर्फाने दूध कधीच गोठणार नाही. आतली फळी सतत कडा खरवडत राहते, स्फटिकाला मोठं व्हायला वेळच मिळत नाही. हाताने पॉट फिरवलेलं आइस्क्रीम गुळगुळीत लागतं ते यामुळे. अर्ध्या तासात हँडल जड झालं की झालं. झाकण उघडण्याआधी वरचं खारं पाणी पुसून घ्या. सुट्टीतली चार-पाच उनाड मुलं कामाला लावायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

जाता जाता, ताजा अननस दुधात घालू नका, दूध कडू होतं. साखरेत शिजवून गार करून घातला तर चालतो.

मधुमेह आहे. गुळाचं पन्हं चालेल ना? — आजोबा, मिरज

नाही आजोबा. गूळसुद्धा मुख्यतः साखरच, शंभर ग्रॅमला पावणेचारशेच्या आसपास उष्मांक, साखरेला चारशे. लोह वगैरे असतं पण ते मिळवायला एवढा गूळ खायचा नसतो. किती चालेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. तहानेला ताक घ्या, आलं-जिरं-हिंग घालून. किंवा सोलकढी : आगळ असेल तर दोन चमचे, पेलाभर नारळाचं दूध, लसूण ठेचून, मीठ बेताने कारण आगळ खारट असतं. विस्तवावर ठेवू नका, फुटते.

एप्रिलअखेर मुंज आहे, शंभर माणसं. केटररला न सांगता पन्हं आम्ही घरीच करणार. किती कैऱ्या आणू? — मुलाची आत्या, सातारा

दोनशे मिलिलिटरचा पेला धरा. शंभर पेले म्हणजे वीस लिटर, पण उन्हात निम्मी माणसं दुसरा मागतात, लहान मुलं अर्धा टाकतात. पंचवीस लिटर करा. त्याला चार किलो कैरी आणि साडेतीन किलो गूळ. कैरीतून साल-कोय जाऊन निम्म्याहून थोडा जास्त गर निघतो, त्या हिशेबाने. कैरी फार आंबट लागली तर आणखी अर्धा किलो गूळ हाताशी ठेवा. गर आदल्या दिवशी शिजवून गुळात मुरवून फ्रीजमध्ये. पाणी सकाळी घाला, सगळं एकदम नको : आधी वीस लिटरपर्यंत, चाखून मग पुढचं. चव पाहायला एकच माणूस नेमा. चौघींनी चाखलं की चौघी चार वेगवेगळे चमचे गूळ टाकतात.

बर्फ पन्ह्यात टाकू नका, पिंपाबाहेर लावा. कारखान्याची लादी प्यायच्या पाण्याचीच असते असं नाही. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, तरी लादी पांढरी दिसली म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आदल्या रात्री पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या सीलबंद अवस्थेत पिंपात सोडल्या तर पन्हं गारही राहतं आणि पातळही होत नाही. वीस-बावीस बाटल्या लागतील, शेजारणींचे फ्रीजर आत्ताच बोलून ठेवा.